तेल केव्हा सांडलं?

बोटीच्या टाकीतून डिझेल बाहेर आलं की माणूस आधी डिझेलकडे बघतो. बिघाड मात्र बहुतेक वेळा हवेचा असतो. टाकीत जेवढं इंधन शिरतं तेवढी हवा बाहेर पडावी लागते आणि इंजिन जेवढं इंधन ओढतं तेवढी हवा परत आत यावी लागते. ही ये-जा ज्या बारीक नळीतून चालते ती व्हेंट. भरण्याच्या जाड नळीला झाकण असतं, कुलूप असतं, पुसायला फडकं असतं. व्हेंटची आठवण मात्र ती बंद पडल्यावरच होते.

या विषयावर बोलणारी दोघं भोपाळच्या इंद्रपुरीत राहतात. समुद्र इथून शेकडो कोस दूर. मामांचे वडील १९५६ साली मध्य प्रदेश राज्य झालं तेव्हा सरकारी नोकरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले. मामा भेलच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर विभागात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. भाची प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. वादाला निमित्त झाला हर्णैचा एक फोन. दूरच्या नात्यातल्या तांडेलाची डिझेल नौका, प्रत्येकी २०० लिटरच्या दोन टाक्या. पावसाळी बंदी संपून हंगाम सुरू झाला आणि बोट “जिथून तिथून गळते” अशी त्याची तक्रार. मामांना बिघाड शोधायचा होता. भाचीचं म्हणणं होतं की ज्याला मामा बिघाड म्हणतात तो बोटीच्या रचनेतच आहे.

मामा : तांडेल म्हणतो, जिथून तिथून गळतं. हे वाक्य मी कारखान्यात आयुष्यभर ऐकलं. ‘कुठून’ विचारून काही हाती लागत नाही, कारण तेल शेवटी दोनच जागांतून येणार, भरणनळीतून नाहीतर व्हेंटमधून. मी त्याला विचारलं, केव्हा? तेव्हा एका तक्रारीच्या तीन झाल्या. भरताना उसळतं. दुपारी बोट नुसती उभी असताना ठिबकतं. आणि समुद्रात इंजिन चालू असताना डाव्या टाकीचा व्हेंट वाहतो. हे तीन वेगळे आजार आहेत.

भाची : किंवा एकच सवय, तीन वेळा दिसलेली. काठोकाठ भरायचं आणि सांडलं की पाण्यात जाऊ द्यायचं.

मामा : सवयीवर येऊच. आधी पहिला आजार. पंपाची साधी तोटी मिनिटाला साधारण ४० लिटर डिझेल देते. म्हणजे मिनिटाला ४० लिटर हवा व्हेंटमधून बाहेर जायला हवी. लहान बोटीचा व्हेंट पाच सुती, सोळा मिलिमीटरचा. त्यातून ही हवा ताशी बारा किलोमीटरच्या वेगाने निघून जाते, तिला काही त्रास नाही. आता समज, आत काहीतरी अडकलं आणि चार मिलिमीटरचं भोक उरलं. त्याच हवेला आता ताशी १९० किलोमीटरने पळावं लागेल. तेवढा वेग द्यायला टाकीत दाब साठतो, आणि तो दाब भरणनळीतलं डिझेल हातभर वर चढवायला पुरतो. हातभर वर काय असतं? डेकवरचं झाकण. म्हणून टाकी अर्धी रिकामी असतानाच तोंडातून फवारा उडतो आणि तांडेल म्हणतो, टाकी भरली.

भाची : मग हळू भरा. मिनिटाला दहा लिटरने भरलं तर उसळणार नाही. खर्च शून्य.

मामा : हळू भरणं ही चाचणी आहे, इलाज नाही. हळू भरल्यावर उसळी थांबली, तर व्हेंट अरुंद झालाय हे सिद्ध झालं. हळू भरूनही उसळली, तर व्हेंट पुरता बंद आहे, किंवा दोष भरणनळीत आहे. ती आडवी पडलीय, तिला मध्ये झोळ आलाय, त्यात डिझेल साचतं आणि पुढची हवा ते मागे ढकलते. एका चाचणीत आजार निम्म्यावर येतो.

भाची : बरोबर. पण तांडेलाला आज संध्याकाळी निघायचंय. तुमचा इलाज होईपर्यंत माझी सवय त्याचं दहा लिटर डिझेल वाचवेल.

मामा : वाचवेल, आणि मग तो व्हेंट विसरेल. पुढे मधल्या समुद्रात तोच बंद व्हेंट इंजिनाचा गळा धरेल. हवा आत आली नाही की टाकीत निर्वात होतो, पंपाला डिझेल ओढवत नाही. अशी खूण दिसली तर झाकण सैल करायचं. ‘सुस्स’ आवाज करत हवा आत गेली आणि इंजिन सावरलं, तर निदान झालं. भरताना उसळणं आणि चालताना दम तोडणं या एकाच बंद नळीच्या दोन बाजू आहेत. हळू भरून तू पहिली लपवलीस.

भाची : हे पटलं. पण मे महिन्यात चांगली असलेली नळी ऑगस्टमध्ये बंद कशी?

मामा : कारण मधे दोन महिने बोट शाकारून ठेवलेली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. नौका किनाऱ्यावर, वर झावळ्या नाहीतर ताडपत्री. कुंभारीण माशीला याहून चांगली जागा कुठली? पाच सुती भोक, आत अंधार, पाऊस लागत नाही. ती मातीचं घर करते, कोळी जाळं विणतो. मग हंगामाच्या तोंडावर बोट रंगवली जाते. व्हेंटच्या तोंडावर तारेची बारीक जाळी असते, बाहेरची ठिणगी आत जाऊ नये म्हणून. रंगाऱ्याच्या कुंचल्याचा एक हात त्या जाळीवरून फिरला की ती बुजली. त्यात खाऱ्या हवेचं मीठ. म्हणून मी त्याला क्रम सांगितला. आधी जाळी. मग तोंड. मग नळीला कुठे मोड आहे का, झोळ आहे का. आणि शेवटी टाकीवरची तोटी.

भाची : आणि नळी साफ कशाने करायची? तिथे गॅरेजवाला कॉम्प्रेसर लावेल.

मामा : तिथेच घात होतो. नळी टाकीला जोडलेली असताना बाहेरून कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. अशा टाक्या थोड्याशा दाबाच्या हिशेबाने केलेल्या असतात. टायरमधली हवा त्यात कोंडली तर सांधा फाटेल. नळी टाकीकडून सोडवायची, टाकीचं तोंड फडक्याने बंद करायचं, आणि मग नळीतून हवा मारायची. शक्य असेल तर आतून बाहेर, म्हणजे माती टाकीत पडत नाही. नळी जुनी असेल तर कापून बघायची. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या रबरी नळीचं आतलं अस्तर सुटून लोंबतं आणि पडद्यासारखं वाट अडवतं. तशी नळी साफ करत बसू नये, बदलावी.

भाची : आता दुपारचं ठिबकणं. तिथे तरी माझी सवय चालेल ना?

मामा : तिथे तूच जिंकतेस. पण आधी कारण बघ. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं डिझेल थंड, धर २५ अंश. ते भरलं आणि बोट उन्हात उभी राहिली, टाकी ४० अंशांवर गेली. २०० लिटर डिझेल एवढ्या तापमानफरकात जवळपास अडीच लिटर फुगतं. काठोकाठ भरलेल्या टाकीत ते अडीच लिटर जाणार कुठे? पेट्रोल तर याहून थोडं जास्तच फुगतं. आमच्या ट्रान्सफॉर्मरला ही सोय जन्मतः असते. त्याच्या डोक्यावर एक आडवं पिंप, कंझर्व्हेटर. तेल तापलं की फुगून त्यात चढतं, निवलं की उतरतं, आणि जी हवा आत-बाहेर होते ती सिलिका जेलमधून कोरडी होऊन येते. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की समजायचं, आता ओल धरली. बोटीच्या टाकीला कंझर्व्हेटर नाही, म्हणून टाकीच्याच वरच्या भागात जागा सोडावी लागते.

भाची : म्हणजे काठोकाठ भरू नका, एवढंच.

मामा : एवढंच. तोटीचा खटका एकदा पडला की तिथे थांबायचं. तोटीच्या टोकाशी एक छोटं भोक असतं, तेलाने ते झाकलं की आतला पडदा ओढला जातो आणि खटका पडतो. त्यानंतर ‘अजून पाच लिटर मावतील’ म्हणत दाबत राहिलं की आपण ती जागाच भरून टाकतो. डिझेलला फेसही येतो. फेस बसेपर्यंत थांबायचं, फेसावर भरायचं नाही.

भाची : पण मामा, तांडेल काठोकाठ का भरतो, हे तुमच्या यादीत नाही. त्याला करसवलतीचं डिझेल मच्छीमार संस्थेच्या कोट्यातून मिळतं. मिळेल तेव्हा मिळेल तेवढं घ्यायचं, ही त्याची गरज आहे. समुद्रात आणखी एक दिवस थांबता आलं तर मासळी मिळेल. टाकीतली रिकामी जागा तुम्हाला सुरक्षितता वाटते, त्याला ती सोडून दिलेली मासळी वाटते.

मामा : मग त्याने मोठी टाकी बसवावी. लहान टाकीत जादा डिझेल कोंबून मोठी टाकी होत नाही.

भाची : टाकी कोण बदलून देणार, हे तुम्ही सांगत नाही. असो. तिसरा आजार?

मामा : हा मला सगळ्यात आवडतो, कारण इथे भरण्याचा संबंधच नाही. डिझेल इंजिन जाळतं त्यापेक्षा जास्त डिझेल ओढतं. उरलेलं परतीच्या नळीने टाकीत येतं, तेही गरम होऊन. याच्या बोटीत दोन टाक्या आणि दोन कॉक, एक ओढण्याचा, एक परतीचा. खलाशाने ओढण्याचा कॉक उजव्या टाकीवर फिरवला, परतीचा डाव्यावरच राहिला. उजवी रिकामी होत जाते, डावी भरत जाते. डावी आधीच काठोकाठ, त्यात गरम डिझेल. मग चालत्या बोटीत डाव्या टाकीचा व्हेंट वाहू लागतो. लोक व्हेंट बदलतात, झाकण बदलतात, वॉशर बदलतात. दोष हाताच्या एका वळणाचा.

भाची : खात्री कशी करायची?

मामा : निघताना दोन्ही टाक्यांत दांडी टाकून माप घ्यायचं, तासाभराने पुन्हा. एक उतरतेय आणि दुसरी चढतेय, तर निकाल लागला. दोन्ही कॉक एकाच दांड्याने फिरतील अशी जोडणी करता येते. नाहीतर कॉकवर ठळक रंगाची खूण करायची.

भाची : आणि बोट कलली तर? बर्फ एका बाजूला, जाळी एका बाजूला.

मामा : ते चौथं ‘केव्हा’. कलल्यावरच येत असेल, तर टाकीतलं व्हेंटचं तोंड डिझेलखाली जातंय. मग टाकीत अडकलेली हवा थोडी जरी फुगली तरी ती आपल्याऐवजी डिझेलला बाहेर ढकलते. त्यावर इलाज म्हणजे नळी टाकीपासून सतत चढती ठेवायची, मध्ये झोळ नको, आणि डेकखाली जमेल तेवढी उंच नेऊन तिथे उलट वळवून मग तोंड बाहेर काढायचं. ते तोंड लाटेसमोर नको. ट्रेलरवर बोट ठेवून उतारावरच्या पंपावर भरतात, तिथेही हेच होतं. व्हेंटची बाजू खाली, आणि टाकी भरायच्या आधीच नळी बुडते.

भाची : तुमचे चारही ‘केव्हा’ मला मान्य आहेत. आता माझा एकच प्रश्न. या सगळ्या बोटींमध्ये व्हेंटचं तोंड कुठे उघडतं?

मामा : बाहेर. हुलाच्या बाजूला.

भाची : का?

मामा : कारण आत उघडलं तर आग लागेल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट बघते. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. लहान बोटींच्या इंधनयंत्रणेचं आयएसओ १००८८ हे मानक आहे, त्याचा रोखही हाच की ओसंडलेलं इंधन बोटीत शिरता कामा नये.

भाची : म्हणजे ते पाण्यात जाईल, हे ठरवून केलेलं आहे. मी त्याला दोष देत नाही. माणसं वाचवायची तर तोंड बाहेरच हवं. पण मग ओसंडणं हा बोटीचा बिघाड कसा? बोटीने आपला धोका पाण्यावर ढकलला, रचना ठरल्याप्रमाणे चालली. तुमच्या तपासणीत एकच रुग्ण आहे, बोट. पाणी तुमच्या टेबलावर येतच नाही.

मामा : समुद्र मोठा आहे, पोरी.

भाची : हर्णैचं बंदर मोठं नाही. आणि हिशेब तुम्हालाच आवडतो, तर करा. एक लिटर डिझेल पाण्यावर एक मायक्रॉन जाडीने पसरलं तर किती जागा व्यापेल?

मामा : हजार चौरस मीटर. म्हणजे... दहा गुंठे.

भाची : दहा गुंठे, पाव एकर. इंद्रधनुषी तवंग दिसतो तो याच जाडीच्या आसपास. तुमचे दुपारचे अडीच लिटर म्हणजे पंचवीस गुंठे, एका बोटीचे, एका दुपारचे. मग खलाशी काय करतो? साबणाचं पाणी ओततो, तवंग दिसेनासा होतो आणि सगळे खूश. साबणाने डिझेल नाहीसं होत नाही. त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात खाली उतरतं, जिथे माशांची अंडी आणि पिल्लं असतात. वर होतं तेव्हा निदान शोषक कापडाने टिपता आलं असतं.

मामा : ते चूकच आहे. मुळात सांडूच नये म्हणून तर शिट्टी बसवतात व्हेंटमध्ये. हवा जात असते तोवर वाजते, टाकी भरत आली की थांबते. कान असलेल्या माणसाला खटक्यापेक्षा ती बरी. व्हेंटच्या नळीत एक छोटी कुपी बसवता येते, ती हवा जाऊ देते आणि वर आलेलं इंधन परत टाकीत सोडते. भरताना व्हेंटच्या तोंडावर रबरी पकडीने बाटली चिकटवता येते, उसळलं तर बाटलीत.

भाची : तीन उपकरणं, आणि तीनही व्हेंट उघडा असेल तरच कामाची. कुंभारणीने घर केलं असेल तर शिट्टी पहिल्यापासून गप्प, आणि खलाशी समजणार की टाकी भरली.

मामा : म्हणून मी आधी जाळी म्हणालो. यंत्र बसवण्याआधी भोक मोकळं हवं. यावर आपलं भांडण नाही.

भाची : भांडण इथे भोपाळमध्ये आहे. समुद्राचं सोडा. बड्या तलावाचं पाणी शहर पितं. भोज पाणथळ २००२ पासून रामसर यादीत आहे, बडा आणि छोटा असे दोन्ही तलाव धरून. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथली क्रूझ आणि मोटरबोटी थांबवायला सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, इंजिन नीट ठेवलं असतं तर बंदीची गरज नव्हती.

मामा : आजही म्हणतो. बिघाड दुरुस्त न करता यंत्रच हटवायचं, ही हार आहे. कारखान्यात कुठल्या ट्रान्सफॉर्मरमधून तेल झिरपलं म्हणून आम्ही वीज बंद केली नाही.

भाची : तुमच्या ट्रान्सफॉर्मरखाली तेल झेलायला खड्डा असतो, कारण तेल कधी ना कधी गळणार हे धरूनच तो बसवतात. बोटीखाली कोणता खड्डा आहे? तलावच. जिथे गळती झेलायची जागा आणि पिण्याची जागा एकच, तिथे ‘नीट ठेवू’ हे वचन पुरत नाही. उत्तम ठेवलेल्या बोटीतही दुपारी डिझेल फुगणारच, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत.

मामा : खड्ड्याचा मुद्दा बरोबर काढलास. सहलीच्या बोटीसाठी मी हट्ट सोडतो. पण बचावाच्या बोटीचं काय? १३ सप्टेंबर २०१९ ची पहाट. खटलापुरा घाट, छोटा तलाव. गणपती विसर्जनाला दोन नावा एकत्र करून मोठी मूर्ती नेली, नावा उलटल्या. अकरा जण गेले, आपल्या शेजारच्या पिपलानीतले. अशा वेळी वल्ह्याची नाव पाठवशील?

भाची : नाही. तिथे इंजिन हवं.

मामा : मग ऐक, कारण खरी गोम इथे आहे. रोज चालणाऱ्या बोटीचा व्हेंट सहसा बुजत नाही. बुजतो तो महिनोन् महिने शेडमध्ये उभ्या असलेल्या बोटीचा. आणि बचावाची बोट नेमकी तशी उभी असते. तिची तपासणी कशी होते? दोरी ओढली, इंजिन भुर्र झालं, दोन मिनिटांत बंद, रजिस्टरमध्ये ‘चालू स्थितीत’. बंद व्हेंटचं इंजिन दोन मिनिटं छान चालतं! टाकीत निर्वात व्हायला वेळ लागतो. ते बंद पडणार ते पंधराव्या मिनिटाला, भार पडल्यावर, किनाऱ्यापासून दूर. चाचणी पास आणि बोट नापास.

भाची : हे कुणी सांगत नाही.

मामा : शिवाय लहान बोटीच्या इंजिनाला सुटी टाकी असते, आणि तिच्या झाकणावर व्हेंटचा छोटा स्क्रू. नेताना बंद, चालवताना उघडा. घाईत तो उघडायचा राहिला की नळीतला रबरी फुगा चपटा होतो आणि इंजिन गुदमरतं. उलट, नळी इंजिनाला जोडलेली ठेवून स्क्रू बंद करून टाकी उन्हात सोडली, तर आतला दाब पेट्रोल इंजिनात ढकलत राहतो. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ते व्हेंटमधून येणाऱ्या दमट हवेतली ओल शोषून घेतं. पावसाळाभर तसंच ठेवलेलं पेट्रोल सप्टेंबरच्या विसर्जनाला भरवशाचं राहत नाही.

भाची : म्हणजे गणपतीच्या आधी टाकी रिकामी करून ताजं भरायचं. आणि ते सुट्या टाकीत, बोटीत बसून नाही. टाकी उचलून किनाऱ्यापासून लांब आणायची, जमिनीवर ठेवायची, खाली पसरट तसराळं. तेव्हा सांडलं तरी तसराळ्यात. सुट्या टाकीचा हा मोठा फायदा आहे. बोटीतल्या पक्क्या टाकीला मी तलावात परवानगी देणार नाही.

मामा : जमिनीवर ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. प्लॅस्टिकच्या तळावर, गाडीच्या मागे ठेवून भरली तर स्थिर वीज साचते. जमिनीवर ठेवून, तोटी टाकीच्या काठाला टेकवून भरली तर ती निघून जाते. आपल्या दोघांची कारणं वेगळी, पण जागा एकच निघाली.

भाची : मग बॅटरीच्या बोटी का नकोत? भेलच्या माणसाला तर आवडायला हव्यात. व्हेंटची कटकटच नाही.

मामा : आवडतात. पण व्हेंटची कटकट नाही असं म्हणू नकोस. साधी शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तो हवेपेक्षा हलका, वर साचतो, आणि त्यालाही बाहेर जायला वाट लागते. पेट्रोलची वाफ तळाशी, हायड्रोजन छताशी. यंत्र बदललं की भोकाची जागा बदलते.

भाची : पण ते भोक तलावात तेल सांडणार नाही.

मामा : नाही सांडणार. हा मुद्दा तुझा. आता हर्णैला काय कळवायचं ते ठरव. तो वाट बघतोय.

भाची : तुम्ही सांगा, मी लिहिते. जाळी काढून रंग आणि माती साफ. नळी टाकीकडून सोडवून हवा, कॉम्प्रेसर टाकीवर नाही. झोळ काढून नळी चढती. दोन्ही कॉक एकाच टाकीवर, दांडीने माप. खटक्यानंतर भरायचं नाही. माझं वाक्य शेवटी, सांडलं तर साबण नाही, शोषक कापड. आणि जागा दहा टक्के सोडायची.

मामा : पाच टक्के.

भाची : दहा.

मामा : अगं, पाच टक्के म्हणजे २०० लिटरमागे दहा लिटर. फुगतं अडीच. उरलेलं फेसाला आणि कलण्याला. दहा टक्के म्हणजे दोन टाक्यांत चाळीस लिटर. एवढं कोट्याचं डिझेल तो बंदरात सोडून जाणार नाही. तू लिहिशील, तो वाचणार नाही.

भाची : पण पाच टक्के सोडून बोट दिवसभर बंदरात उभी राहिली, एका बाजूला बर्फ भरला आणि बोट कलली, तर?

मामा : ...तर कमी पडेल. उभी बोट काही जाळत नाही.

भाची : आणि भरल्याबरोबर निघाली, तर?

मामा : तर इंजिन पहिल्या तासातच स्वतःसाठी जागा करून घेईल. ठीक. लिही, भरून लगेच निघणार असशील तर पाच टक्के. बोट बंदरात उभी ठेवणार असशील तर दहा.

भाची : म्हणजे पुन्हा तुमचाच प्रश्न. केव्हा?

मामा : फक्त या वेळी तेल सांडायच्या आधी विचारलेला. पाठव.